लिफ्ट हलेना तेव्हा

सोमवार, ९ मार्च

सकाळी दहाला परीक्षा झाली, चारला निकाल लागला. येताना दूध आणलं.

तीर्थस्वरूप ताईस साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नसल्यामुळे तूर्त कागदावरच). तुझी पाठ आणि भावजींचा खोकला आपापल्या जागी ठीक असतील.

याच गुडघ्यांपायी लिफ्टच्या माथ्यावर चढून दोर तपासणं बंद झालं, हे तुला माहीत आहेच. साहेब म्हणाले, लिफ्ट चालवणारा प्रोग्रॅम लिहायची, म्हणजे कंट्रोलची परीक्षा पास व्हा, नाहीतर गेटवर स्टूल टाकून बसा. हिला जाऊन आठ महिने झाले, तूही म्हणत होतीस की मन कशात तरी गुंतव. म्हणून प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं. आधी भाषा कुठली, यावरच लोक हमरीतुमरीवर आले. तुझे चिरंजीव म्हणाले, "मामा, डोळे झाकून पायथन घे." घेतली. दोन महिने डोळे झाकूनच शिकलो. मग आमच्या वायरमनने लिफ्टमधली चिप दाखवली आणि म्हणाला, "यात तुमच्या पायथनची चप्पलसुद्धा मावायची नाही. मुकाट्याने सी शिका." वरच्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्यात गाठून रस्ट नावाच्या तिसऱ्याच भाषेचं माहात्म्य सांगत (त्यांचा स्वतःचा धंदा पडद्यांचा). शेवटी सी शिकलो. ती भाषा आपल्या आत्यासारखी आहे. चूक झाली की काय चुकलं ते सांगत नाही, नुसती अबोला धरते.

परीक्षेला प्रत्येकाच्या टेबलावर कमरेएवढी चार मजली नमुन्याची लिफ्ट होती. पोरांच्या लिफ्टा माकडासारख्या वरखाली उड्या मारत होत्या. माझी हलेचना. सव्वीस वर्षांची सवय, ब्रेक तपासल्याशिवाय लिफ्ट सोडायची नाही. तेच प्रोग्रॅममध्ये उतरलं होतं. परीक्षक बाई म्हणाल्या, "काका, हिला मुहूर्त लागतो का?" मी म्हटलं, "ब्रेक सैल आहे, मॅडम." सगळे हसले. पुढच्या मुलाची लिफ्ट चौथ्या मजल्यावरून सुटली ती थेट बाईंच्या चहात. मग कुणी हसलं नाही. बाईंनी माझ्या लिफ्टचा ब्रेक तपासला, सैलच निघाला. मी पास झालो. भाषेबद्दल कुणी चकार शब्द विचारला नाही.

चिरंजीवांना आशीर्वाद, सल्ल्याबद्दल नव्हे.

तुझा,
धाकटा

ता. क. नेमणूक दुसऱ्या गावच्या शाखेत आहे. कंपनीचं हे घर रविवारपर्यंत सोडायचं आहे. भांडी बांधून झाली, हिचं कपाट राहिलं. शनिवारी येऊन तेवढं आवरशील का? किल्ली शेजारी ठेवतो. मी तोवर बाहेर फिरून येईन. खरं म्हणजे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

पुन्हा ता. क. किल्लीचं राहू दे. कपाट उघडलं आहे. वरच्या खणात सहा स्वेटर निघाले, त्यातले दोन माझेच (धोब्यावर उगाच आळ घेतला). ते बाजूला ठेवले आहेत. बाकीच्यांच्या घड्या घालतो.