दहाव्या प्रकरणाच्या अलीकडे

११ सप्टेंबर, गुरुवार

"बाई, झालं नाही वाचून."

एकाचं नाही, दोघांचं नाही — आख्ख्या वर्गाचं! कादंबरीचं दहावं प्रकरण, सव्वीस पानं, सोमवारीच सांगून ठेवलेली. आणि म्हणे प्रगत साहित्याचा वर्ग. हट्टानं प्रवेश घेतलेली ही मुलं एरवी आठवड्याला दीडशे पानं न कुरकुरता वाचतात. नवव्या प्रकरणापर्यंत सुसाट आली आणि दहाव्याच्या दारात सगळी एकदम दमली? एखाददुसरा आळशी असतो. सतराच्या सतरा एकाच दिवशी आळशी होत नाहीत. कुठेतरी पाणी मुरतंय.

१२ सप्टेंबर

साखर संपली. परत! एकटीच्या घरात एवढी साखर जाते कुठे? भांडी घासून निघताना मावशींची पिशवी जरा जडच वाटते. नवी साखर भरली आणि डब्यावर पेन्सिलीनं खूण करून ठेवली.

१५ सप्टेंबर, सोमवार

उपमुख्याध्यापकांनी बोलावलं. आवाज इतका गोड की मी तेव्हाच सावध झाले. "मुलांना वाचनाचा भार फार होतोय म्हणे. वर्षाला आठ पुस्तकं जरा जास्तच. चार करू या का?"

'म्हणे' म्हणजे कोण म्हणे? एका तरी पालकाची चिठ्ठी दाखवा म्हटलं. नाही दाखवली. ही कादंबरी महिनाअखेर संपली नाही तर पुढच्या सत्रापासून चारच पुस्तकं — हे मात्र स्पष्ट सांगितलं. वर "तुम्हीही थोडी विश्रांती घ्या ना." विश्रांती! चौदा वर्षं खपून मी हा वर्ग उभा केला, तो असा अलगद काढून घ्यायचा. मुलांनी रखडायचं, साहेबांनी बोट दाखवायचं. आतून एक आहेत सगळे.

हे असते तर म्हणाले असते, "तू मास्तरीण कशी झालीस गं? पोलिसांत जायचं होतंस!" रोज मला न्यायला यायचे, फाटकाशी स्कूटर लावून बसायचे. मी बाहेर येईपर्यंत माझ्याच विद्यार्थ्यांशी यांच्या गप्पा. माझ्यापेक्षा यांनाच मुलांची जास्त माहिती! मे महिन्यात गेले. असो.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज नुसतं लक्ष ठेवलं. शेवटच्या बाकावरचा लंबू तिसऱ्यांदा तेच — "बाई, नवव्यातला तो भिंतीवरच्या घड्याळाचा प्रसंग पुन्हा सांगा ना." इतका जिज्ञासू कधी झाला हा?

कादंबरी एका घड्याळजीची आणि त्याच्या बायकोची. नवव्याच्या शेवटी तो रक्त ओकतो. दहावं म्हणजे तो गेल्यानंतरची त्याची बायको. परीक्षेत ठरलेला प्रश्न — 'घड्याळजीच्या बायकोचा संशयी स्वभाव', पाच गुण. माझी टिपणं तयार आहेत. पिवळी पडलीत, पण चालतात. पुस्तक उघडायचीसुद्धा गरज नाही.

आणि बोलता बोलता लंबूच्या तोंडून निसटलं, "पण बाई, ते दुकान विकतात तेव्हा —" पहिल्या बाकावरची चष्मेवाली गर्रकन वळली, डोळे वटारले, हा गप्प. दुकान तेराव्या प्रकरणात विकतात! दहावं वाचलेलं नाही आणि तेरावं पाठ?

म्हणजे वाचलंय. न वाचता वाचल्याच्या थापा मारणारी पोरं चौदा वर्षं पाहिली. वाचून न वाचल्याचं सोंग पहिल्यांदाच पाहतेय!

१८ सप्टेंबर

शिक्षकांच्या खोलीत मी शिरले की बोलणं थांबतं. आज गणिताच्या बाईंनी स्वतः उठून मला खुर्ची दिली. "बसा, चहा घेता?" सहा वर्षांत कधी पाणी विचारलं नाही. एवढं प्रेम कुठून उतू आलं?

साखर खुणेच्या खाली गेली आहे. बरीच.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सापळा लावला. म्हटलं, वाचलं नाहीये ना? मग कल्पनेनं लिहा, पुढे काय होईल.

सतरा कागद. माणूस रक्त ओकतोय आणि तो मरेल असं एकालाही सुचलं नाही! कुणी डॉक्टर आणला, कुणी हवापालट केला. लंबूच्या कागदात तर तो खडखडीत बरा होऊन स्कूटर घेतो आणि बायकोला फिरवून आणतो. घोडागाड्यांच्या काळात स्कूटर! इतकं नेमकं चुकायला आधी बरोबर उत्तर माहीत असावं लागतं. थट्टा चाललीय माझी.

२२ सप्टेंबर, सोमवार

वर्गाचं दार लावून घेतलं. "पुस्तक पूर्ण कुणी वाचलंय? खरं सांगा."

एक हात वर झाला. मग दुसरा. मग सगळे.

"मग हे नाटक कशाला? साहेबांनी पढवलं?" माझा आवाज चढला. तुमच्या या सोंगापायी वर्गाचा गळा घोटला जाईल, तोंडावर चार पुस्तकं फेकतील, कळतंय का म्हटलं. शेवटी चष्मेवाली उभी राहिली.

"बाई, तुम्ही दहावं प्रकरण यावर्षी वाचलंत का?"

मलाच उलट प्रश्न! "चौदा वर्षं शिकवतेय मी ते."

"यावर्षी, बाई."

डोळे भरून आले होते तिचे. नाटकी कार्टी! वर्गाबाहेर काढलं. तिच्यामागे लंबू आपणहून उठून गेला. मग एकेक करत सगळे. रिकाम्या बाकांसमोर तास संपायची वाट पाहत उभी होते.

२३ सप्टेंबर

रजा टाकली. ती असं विचारूच कशी शकते, हेच सकाळपासून डोक्यात. दुपारी पुस्तक काढलं. म्हटलं, होऊन जाऊ दे.

घड्याळजीची बायको रडत नाही. दूधवाल्याचं माप तपासते. शेजारणी आपल्याबद्दलच कुजबुजतात म्हणून खिडकी लावून घेते. नोकर दिव्याचं तेल चोरतो असं तिला वाटतं, म्हणून बाटलीवर खूण करते. माझ्या टिपणात हे 'उदाहरण दुसरे' आहे. त्याच्यापुढची ओळ टिपणात नाही. रोज संध्याकाळी ती नवऱ्याच्या बंद दुकानात जाते, दिवा लावते आणि तो यायची वाट पाहत बसते. तेल तिथे जळतं.

पुस्तक पालथं घातलं. पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले.

ओट्यावर सकाळचे दोन कप होते. एक रिकामा. दुसरा काठोकाठ भरलेला, वर साय धरलेला. दोन चमचे साखर घालून — यांना गोड लागायचा. रोज करतेय मी हा चहा. आणि मावशी रोज काही न बोलता तो ओतून, कप धुऊन ठेवतायत.

डब्यावरची खूण पुसली. मग ओट्याशीच खाली बसले आणि रडले. मे महिन्यापासून पहिल्यांदा.

२४ सप्टेंबर, बुधवार

आधी साहेबांकडे गेले. सांगितलं, मुलांची कादंबरी केव्हाच संपलीय, हवी तशी परीक्षा घ्या. आठ पुस्तकं त्यांना जड नाहीत.

मग वर्गात. सगळी माना खाली घालून बसलेली. म्हटलं, "मुलांनो, माझं दहावं वाचून झालं नाही. थोडे दिवस लागतील."

कुणी हसलं नाही. मागून लंबू म्हणाला, "मग आज परत नववंच घ्या ना, बाई."

घेतलं. नवव्यात तो अजून जिवंत आहे.