सईचे काका

१ जून, रविवार
टेम्पो साडेआठला आला. तळेगाव, स्टेशनजवळ. दुसरा मजला, दोन खोल्या, गॅलरीतून समोरच्या इमारतीच्या टाक्या. फ्रिज जिन्यात अडकला, शेवटी त्याचं दार काढलं. बारा वर्षांचा संसार आणि एक टेम्पोसुद्धा भरला नाही. नितीनच्या वाटणीचं सगळं चिंचवडलाच. (यापुढे नुसता न. पूर्ण नाव लिहायला हात धजत नाही.)
सई दहा वर्षांची. स्वयंपाकघरातले डबे तिने एकटीने लावले, उंचीप्रमाणे. डाळीशेजारी कपड्यांची पावडर.

५ जून, गुरुवार
संध्याकाळी स.ला घेऊन पायी भटकले. तळ्यापर्यंत, मग जुन्या गावातून वाट चुकत. एका आजोबांना स्टेशनचा रस्ता विचारला. "कुटल्या ठेसनाचा? रेल्वेच्या का पोलिसाच्या?" स. हसत सुटली, थांबेचना. किती महिन्यांनी.
तिची नवी शाळा बाहेरून बघितली. फाटकापाशी भेळवाला, त्याच्याकडे चिंच जास्त. परत येताना स. म्हणाली, "आई, इथं आपल्याला कोणीच ओळखत नाही." आनंदाने म्हणाली.
चिंचवडला न.ची आई जिन्यात उभी राहून शेजारणींना सांगत होती, की हिचं डोकं ठिकाणावर नाही, मुलीला पण तसंच करणार. न. शेजारी उभा होता. किल्ल्या शोधत होता. मुठीतच होत्या. स. माझा हात धरून एक पायरी खाली.

१८ जून, बुधवार
शाळा सुरू. तिची तळेगावात, माझी लोणावळ्यात. तिथल्या शाळेची लायब्ररी आता माझ्याकडे, अर्ध्या पुस्तकांना वाळवी. स. पाचला घरी येते, मी साडेसहाला. मधला दीड तास समोरच्या शांतामावशी सांभाळतात. मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच दार उघडं ठेवलं. मावशी मूळच्या उर्शाच्या, साठीच्या. मुलगा-सून दोघं कंपनीत.
"भाकर खाल्ली तिनं. लय गुणाची पोर हाय."
आज जिन्यात माझा हात धरला. "पयलं वरीस लय वंगाळ जातं. मी काडलंय. तू बी काडशील." वाटलं, घटस्फोटाबद्दल बोलतायत. कळलं कसं? पण किती समजूतदार बाई.

२४ जून, मंगळवार
सेक्रेटरींनी स्कूटरला शेडमधली जागा दिली. मागितली नव्हती. वॉचमन महादूभाऊ, औंढ्याचे, त्यांनी सिलिंडर वर आणून दिला. "तुमी नका उचलू ताई. आमी हाय ना."
मिस्टर कुठे असतात, हे एकानेही विचारलं नाही. घर शोधताना प्रत्येक एजंटाने विचारलं होतं. आईला फोनवर सांगितलं, इथली माणसं चांगली आहेत.

२८ जून, शनिवार
मावशींच्या यजमानांचं वर्षश्राद्ध. जेवायला बोलावलं. वाढता वाढता म्हणाल्या, "आमचं मालक रस्ता वलांडताना गेलं, तुजं गाडीत. पर रस्ता त्योच."
"कोणी सांगितलं?"
"सईनं. पयल्याच आटवड्यात. लय रडली मांडीवर."
घास तसाच तोंडात. उठून यावं तर सगळे बघत होते. खीर मागून घेतली.
घरी आल्यावर दार लावून विचारलं. स. पेन्सिलला टोक करत होती.
"सगळ्यांना सांगितलंस?"
"शाळेत पण."
"का?"
"मेलेल्या बाबांबद्दल कोणी काही विचारत नाही." मग टोकावर फुंकून, "आणि तुझ्याबद्दल पण."
ओरडायला हवं होतं. निदान रडायला. मी चहा टाकला.

२९ जून, रविवार
ठरवलं होतं, सकाळीच मावशींना खरं सांगायचं. त्याच अळूवड्या घेऊन आल्या. खाल्ल्या. नाही सांगितलं.
आंघोळ झाल्यावर टिकली लावली नाही. स.ने आरशात पाहिलं.
आज न.चा रविवार. कोर्टाने एकाआड एक दिलेला. कळवलं, तिला ताप आहे. याआधी घर बदलणं, मग शाळेची तयारी. ही तिसरी वेळ. त्याचा उलट मेसेज, "काळजी घे. डॉक्टरांना दाखव."

१३ जुलै, रविवार
न. आला. न कळवता. पत्ता कोर्टाच्या कागदावर होताच.
सकाळी टाकी धुवायची म्हणून निम्मी सोसायटी खाली जमलेली. इंटरकॉम वाजला. महादूभाऊ, "ताई, खाली या. एक जन आलाय, म्हनतो सईचा बाप हाय. म्या म्हनलं, तिचा बाप तर वारला. तर नुसताच बगतोय."
दोघी उतरलो. फाटकाच्या बाहेर न., हातात बॅडमिंटनची रॅकेट, पांढऱ्या वेष्टनातली. बारीक झालाय. सगळे आमच्याकडे बघत होते. सेक्रेटरी हातातला पाइप तसाच धरून, पाणी चपलांवरून वाहतंय.
स. माझा हात धरून एक पाऊल मागे.
मी बोलले. तिला वाचवायला, असं लिहिलं तर बरं दिसेल. पण तोंडून किती सहज निघालं! "अहो, सईचे काका. धाकटे. तोंडावळा तोच ना, म्हणून ही पण कधी कधी बाबाच म्हणते."
न.ने माझ्याकडे पाहिलं. मग स.कडे. बराच वेळ स.कडे.
"हो," म्हणाला. "काका."
मावशींनी त्याला आपल्या घरात नेलं, चहा दिला. आम्ही तिघं एका सोफ्यावर. मावशी समोर पाटावर.
"नेमकं कुटं झालं वो?"
"घाटात."
"लय तरास झाला का?"
"नाही. जागेवरच."
मावशींनी पदर डोळ्यांना लावला. "सभावानं कसा व्हता?"
न.ने कप खाली ठेवला. "गप्प असायचा. बोलायला पाहिजे तेव्हा बोलला नाही कधी."
मला बरं वाटलं. लिहून ठेवते आहे, कारण पुढे मी हे कबूल करणार नाही. चांगलं तासभर बरं वाटत होतं.
निघताना त्याने रॅकेट दिली. स. म्हणाली, "थँक यू काका." शाळेत पाहुण्यांना म्हणतात तशी, स्वच्छ.
तो जिना उतरताना कठड्याला धरून उतरला.

१५ जुलै, मंगळवार
न.चा मेसेज. "वकिलाला काही सांगणार नाही. निदान सई बोलली माझ्याशी. काका म्हणून येत जाऊ का?"
उत्तर दिलं नाही. लोकलमध्ये चार वेळा वाचला. कामशेत ते मळवली सगळं हिरवंगार, आणि मी मोबाइलमध्ये.
स.ला दाखवला. तिने वाचून फोन पालथा ठेवला. "काकांना सांग, आमचे बाबा खूप उंच होते." मग गणित करत बसली.
हे तिला कोणी शिकवलं? प्रश्न लिहिला खरा.

२५ जुलै, शुक्रवार
श्रावणातला पहिला शुक्रवार. तिसऱ्या मजल्यावर हळदीकुंकू. आम्हाला दोघींना, म्हणजे मावशींना आणि मला, बोलावणं नाही. नंतर डब्यातून फुटाणे आणि पुरणपोळी आली. देणारीने नजर वर केली नाही. वरून हसण्याचे आवाज. मी नवऱ्याला मारलं, त्याची ही शिक्षा असेल तर फारच स्वस्तात सुटले, असं मनात आलं. मग पुरणपोळी खाल्ली.
मावशी बराच वेळ बसून होत्या. घुटमळत म्हणाल्या, "रागावू नगंस. दीर चांगला हाय तुजा. येकलाच हाय का? पोरीकडं कसा बगत व्हता. आमच्याकडं लावत्यात आसं. दिरासंगं पाट लावत्यात."
मला हसू फुटलं. आवरेना. मावशींना वाटलं रडतेय, त्यांनी डोकं छातीशी धरलं, पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांच्या लुगड्याला तव्याचा वास. तिथेच कधीतरी खरंच रडू आलं. खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलं, आणि म्हटलं, "नको मावशी. ते गेल्यावर माझ्या मनात कोणी नाही."
त्यांनी माझ्या गालावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली.

२७ जुलै, रविवार
सकाळचे दहा.
इंटरकॉम. "ताई, काका आल्यात. सोडू का वर?"
स. दारात उभी. ऐकत होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. दोघी एकमेकींची वाट बघत होतो.
"थांबा जरा," म्हणाले.
मग वही काढली. हे लिहिते आहे तोवर तो खालीच उभा आहे. मघाशी गॅलरीतून पाहिलं, महादूभाऊंनी त्याला आपली खुर्ची दिली आहे, तो बसलेला नाही. वर बघतही नाही.
समोर मावशींचं दार उघडलं. स.शी काहीतरी बोलतायत, "काकाला आन की वर..." पुढचं ऐकू आलं नाही. स.चं उत्तर पण नाही.
बाहेर चपलांचा आवाज. स. त्या घालते आहे की काढून ठेवते आहे, इथून कळत नाही.