वरच्या सतरा पट्ट्या

७ फेब्रुवारी, रविवार

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. तीर्थस्वरूप वगैरे लिहिणार होते, पण दोन वर्षांत तू मला एक ओळ धाडलेली नाहीस, तेव्हा साध्या 'प्रिय'वर भागवून घे. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तिकडे तूही बरा असशील, वेळेवर जेवत असशील आणि कारखान्यात मशीनपाशी उभा राहताना कानात बोळे घालत असशील, असं धरून चालते.

फोन असताना हिला पत्राचं काय सुचलं, असं तुला वाटेल. घर दोन खोल्यांचं, मी बोलायला लागले की बाबा पलीकडच्या खोलीत. माणसाचं बोलणं त्यांना व्यवस्थित ऐकू येतं. मेसेज तीनदा लिहिला आणि तीनदा पुसला. म्हणून भूगोलाच्या वहीची मधली पानं फाडली.

माझं शेवटचं वर्ष आहे, त्यामुळे पायाला भिंगरी लागलेली. सकाळी सहाला शाळेचा हॉल, सातपासून तास, दीडला डबा, दोन ते साडेतीन गाण्याच्या बाईंचा समूहगानाचा सराव (पियानोवर मीच), चारला गणिताची शिकवणी, सहाला घरी. मग अभ्यास. आई म्हणते, तू मंत्री झालीस, भेटायचं तर चिठ्ठी पाठवावी लागेल. बसमध्ये येता-जाता इअरफोन कानात असतात. खरं सांगायचं तर गेले कित्येक महिने त्यांत गाणं चालू नसतं. लावलं की मला गाणं ऐकूच येत नाही. कुठला सूर चढलाय, कुठला उतरलाय, तेवढंच ऐकू येतं. म्हणून नुसते घालून बसते. निदान शेजारचा कुणी बोलत तरी नाही.

आठवतं, मी लहान असताना तू तोंडाने शीळ घालायचास आणि शेवट आला की मी रडायला लागायचे? तू म्हणायचास, या खुंटीला जरा पिळलं की पाणी येतं. आता पिळून बघ. काही येत नाही.

आईच्या हातातले ब्लाऊज संपत नाहीत. तिचं शिलाईमशीन आता खिडकीपाशी आलंय. बाबांचं काम चालू आहे. हॉटेलातला पियानो गेला, सभागृहातला गेला. ते लोक आता यंत्र लावून सूर बघणाऱ्याला बोलावतात. बाबा त्या माणसाला 'चष्मेवाला' म्हणतात. शाळेचा पियानो मात्र अजून बाबाच जुळवतात, महिन्याच्या शेवटच्या रविवारी. काम झालं की अगदी खालची पट्टी काढून तिच्या लाकडावर पेन्सिलीने तारीख आणि सही. लाकूड भरत आलंय. मी सोबत जाते, तारांच्या खुंट्या फिरवायचे पाने हातात देते. बाबा लोकांना सांगतात, हा माझा तिसरा कान.

शिपाईमामांचं एक सांगायचं होतं. म्हणजे पत्र त्यासाठीच घेतलं, पण पाच परिच्छेद इकडचं तिकडचं झालं.

सहाला मी हॉलमध्ये सरावाला जाते, असं घरी सांगितलंय. शिपाईमामा मला चावी देतात, बाहेर पायरीवर बसून बिडी ओढतात आणि पावणेसातला चावी परत घेतात. दोन वर्षं हे चाललंय. त्यांनी कधी काही विचारलं नाही. आत मी काय करते ते त्यांना बाहेरून कळत असणारच. एकच पट्टी चाळीस वेळा वाजवणं हा काही सराव नव्हे.

दादा, तू कपाटात टाकून गेलेला तो पाना, बाबांनी तुला बाराव्या वाढदिवसाला दिलेला, तो माझ्या दप्तरात असतो. बाबा रविवारी पियानो जुळवतात. सोमवारी सकाळी मी झाकण उघडते आणि वरच्या पट्ट्यांच्या तारा खाली उतरवते. बाबांच्या हातून त्या चढ्या राहतात. थोड्याथोडक्या नाही. पहिल्यांदा दोनच पट्ट्या होत्या, मग पाच, आता बरंच काही. बाकी सगळा पियानो असा लागलेला असतो की हात लावायची छाती होत नाही.

बाबांना कुणी तरी खुंट्या फिरवतंय हे कळलं. कान नसला तरी डोळे आहेत, आणि आपण सोडलेली खुंटी कुठल्या कोनात होती हे त्यांना पाठ असतं. ३१ तारखेला त्यांनी मी पाणी आणायला गेले तेवढ्यात आईच्या शिलाईच्या डब्यातल्या निळ्या खडूने वरच्या खुंट्यांवर बारीक रेघा ओढून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये एकच दिवा होता. मला वाटलं धूळ आहे. बाहीने पुसून टाकली.

मंगळवारी बाबा शाळेत जाऊन बघून आले. बुधवारी मला तासातून मोठ्या बाईंनी बोलावलं. हॉलमध्ये मोठ्या बाई, बाबा आणि शिपाईमामा. कुणीतरी मुद्दाम माझं काम नासवतंय, असं बाबा सांगत होते. चष्मेवाल्याने माणूस फोडला असणार. बाईंना सूर-बिर कळत नाही, त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलीला विचारू या." बाबा म्हणाले, "विचारा ना, तिच्यासारखा कान नाही. वाजवून बघ गं. वरचं बिघडलंय की नाही?"

मी वाजवलं. अगदी नीट होतं. सोमवारी मीच लावलेलं.

मी म्हटलं, "हो, बिघडलंय."

बाई शिपाईमामांकडे वळल्या. "हॉलची चावी तुमच्याकडेच असते ना? कुणाला दिली होती?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग म्हणाले, "कुणाला नाही, बाई. माझ्याच हातून कधीतरी दार उघडं राहिलं असेल."

त्यांचा चाव्यांचा जुडगा तिथल्या तिथे काढून घेतला. चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलंय. सोमवारी, १५ तारखेला समिती बसेल. जूनमध्ये ते निवृत्त व्हायचे होते. बाबांनी तेवढ्यात तारा परत वर चढवल्या, घाम पुसला आणि म्हणाले, "आता ऐका." मोठ्या बाई म्हणाल्या, छान. मी वर्गात जाऊन उरलेला नकाशा रंगवला. मला वाटलं होतं रडू येईल. नद्या निळ्या, डोंगर तपकिरी, सगळं बरोबर आलं. दहापैकी नऊ मिळाले.

संध्याकाळी आईने माझा शर्ट भिजवायला घेतला आणि विचारलं, "बाहीला निळं कुठून लागलं गं?" तिने बाही दोनदा उलटून बघितली, आपल्या डब्याकडे बघितलं आणि साबण लावला.

तू माझ्या जागी काय केलं असतंस ते मला माहीत आहे. तू सांगून मोकळा झाला असतास. तसा तू एकदा झालाही होतास. त्याबद्दल मला लिहायचंय, पण आई जेवायला हाक मारते आहे.

तुझी,
खुंटी


१६ फेब्रुवारी, मंगळवार

दादा,

वरचं पत्र टाकलंच नाही. आठ दिवस भूगोलाच्या वहीत होतं. दोन्ही एकत्र पाठवते आहे, तेव्हा पहिलं वाचून लगेच फोन उचलू नकोस, आधी हे वाच.

रविवारी दुपारी सांगितलं. धीर आला म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी समिती होती म्हणून. बाबा बाहेरच्या खोलीत आपल्या जुन्या पियानोचं झाकण पुसत होते, आई मशीनवर होती. मी म्हटलं, "बाबा, मामांनी दार उघडं टाकलं नव्हतं. खुंट्या मी फिरवल्या."

बाबांना आधी गंमत वाटली. "तू कशाला फिरवशील?"

"तुम्ही लावल्यावर वरचं चढं राहतं."

आईचं मशीन थांबलं. बाबांनी फडकं घडी करून ठेवलं, उघडून परत घडी केली. मला वाटलं, आता तुला बोलले होते तसं बोलतील. ते नुसते खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसले आणि एक बोट वर केलं. म्हणाले, "वाजव. मधल्यापासून एकेक वर जा. ऐकू येतंय तोवर बोट वर राहील."

मी एकेक पट्टी वाजवत गेले. बोट वर होतं. मग एका पट्टीला ते जरा हललं, पुढच्या दोन पट्ट्यांना परत ताठ झालं आणि मग खाली आलं. त्यांनी हात मांडीवर ठेवला. मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही, शेवटपर्यंत गेले. बोट खाली आलं तिथून पुढे सतरा पट्ट्या होत्या.

"संपल्या?" त्यांनी विचारलं.

"संपल्या."

"नुसती टकटक येत होती लाकडाची." मग खिडकीकडे बघतच, "कधीपासून दुरुस्त करतेस?"

"दोन वर्षं."

आई आतून म्हणाली, "माझी हाक तर त्यांना लग्नापासूनच ऐकू येत नाही." तिला हसवायचं होतं. कुणी हसलं नाही, तीसुद्धा नाही.

काल बाबा समितीपुढे स्वतः गेले. मला म्हणाले, चल. त्यांनी सरळ सांगून टाकलं: चूक माझ्या कानाची आहे, पोरीने ती झाकली आणि या माणसाने पोरीला झाकलं. मग मला म्हणाले, आता तुझं तू सांग. मी सांगितलं. मोठ्या बाईंनी मला हॉलमध्ये जायला महिनाभर बंदी घातली, ते ठीकच आहे. मामांना जुडगा परत मिळाला. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "बरं." आज समूहगानाची वही आत राहिली होती म्हणून चावी मागितली, तर "मीच आणून देतो," म्हणाले आणि वही माझ्या हातात न देता पायरीवर ठेवली. दोन वर्षं तो माणूस माझ्यासाठी पायरीवर बसत होता.

शाळेतून परत येताना बाबा माझ्या पुढे चालत होते. कोपऱ्यावर थांबले. म्हणाले, "दादा त्या दिवशी त्या गिऱ्हाइकाच्या घरी म्हणाला होता, बाबा, वरचं चढं आहे, तुम्हाला ऐकू येत नाहीये. मी तुला विचारलं होतं. आठवतं?"

दादा, यासाठीच मी दोन्ही पत्रं लिहिते आहे, आणि इथपर्यंत यायला मला इतकी पानं लागली.

आठवतं. सगळं आठवतं. त्या गिऱ्हाईक बाईंच्या दिवाणखान्यात तू बाबांना म्हणालास, मग बाबा लाल झाले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, तू सांग, कोण बरोबर? तूही माझ्याकडे बघितलंस. तुला खात्री होती. मला स्वच्छ ऐकू येत होतं. दोन पट्ट्या, दोन्ही चढ्या. मी म्हटलं, "बाबा बरोबर आहेत."

बाबा तुला म्हणाले, कान नसलेल्याने माझा पाना धरू नये. तू पाना कपाटात ठेवलास आणि त्या आठवड्यात गेलास. मला तेव्हा वाटलं, तू मोठा आहेस, तुला सोसेल, बाबांना सोसणार नाही. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की खरंच वाटायला लागलं होतं. खरं एवढंच की बाबा माझ्यावर रागावतील याची मला भीती वाटली. पुढच्याच महिन्यात मी तुझा पाना दप्तरात घातला. मला वाटलं, पट्ट्या दुरुस्त करत राहिले की ते पण दुरुस्त होईल. मला त्याची फार लाज वाटते. बाकी काही वाटत नाही, पण लाज वाटते.

बाबांना मी कोपऱ्यावर एवढंच म्हटलं, "हो. मला ऐकू येत होतं."

ते पुढे चालायला लागले. पुढच्या गल्लीत वह्यांच्या दुकानात शिरले आणि एक पाकीट घेऊन आले, मोठं, तपकिरी. घरी येऊन म्हणाले, "त्याला लिहितेस ना काहीतरी? आईने सांगितलं मला, भूगोलाची वही जाड झालीय म्हणून. पत्ता आहे का?" मी दिला. तुझ्या गल्लीचं नाव त्यांनी दोनदा विचारून मगच पाकिटावर लिहिलं, कान नाही म्हणून नव्हे, चुकू नये म्हणून. आत काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही. शाळेच्या पियानोचं पुढे काय, तेही अजून कुणी बोललेलं नाही. चष्मेवाला येईल बहुतेक.

पाना सोबत पाठवते आहे. त्यामुळे पाकीट जड झालंय, आणि टपालवाला कुरकुर करेल. तो तुझा आहे. मी अजून गाणं लावलेलं नाही. आज बसमध्ये इअरफोन दप्तरातच राहिले, एवढंच.

पाकिटावरचं अक्षर तू उघडायच्या आधीच ओळखलं असशील.

तू बरोबर होतास, दादा. त्या दिवशी म्हणायचं राहिलं, ते आज म्हणते.

तुझी,
खुंटी