सातव्या मृत्युपत्रातली मोकळी जागा

२ सप्टेंबर, मंगळवार
आठ वर्षं डिपेंडंट व्हिसावर पोळ्या लाटल्यावर अखेर वर्क परमिट आलं आणि पुण्यात हौसेने शिकलेली मोडी अमेरिकेत कामाला आली. आमच्या हर्नडन गावापासून अर्ध्या तासावरच्या एका छोट्या खासगी संग्रहालयाला जुनी अक्षरं वाचणारं माणूस हवं होतं; मोडीची सवय बघून त्यांनी जुन्या इंग्रजी हस्ताक्षरासाठी मला घेतलं. अठराव्या शतकातल्या एका इंग्लिश खेड्यातल्या डॉक्टर थॉर्लीची पेटी त्यांच्याकडे आलीय. त्याची मृत्युपत्रं मी टाइप करायची. निमिष म्हणाला, नवऱ्याचे मेसेज वाचत नाहीस आणि मेलेल्यांची पत्रं वाचणार. उद्या त्याच्या डब्यात नुसता ब्रेड.

१० सप्टेंबर
म्हातारा मोठा काटेकोर. पलंग कोणाला, घोडी कोणाला, नोकरांना सुतकाचे काळे हातमोजे किती, सगळं लिहून ठेवलंय. पण मृत्युपत्रं एक नाही, सात. वारस गेला की नवं लिहायचं. दोन मुलगे, मुलगी, भाऊ, पुतण्या, भाची. सातव्यात वारसाची जागा मोकळीच आहे, कारण कोणी उरलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं त्याचं. त्याची रुग्णांची वही अजून वाचायची आहे.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या
घरामागच्या लाकडी डेकवर पान ठेवलं. कावळ्याआधी एचओएची, म्हणजे इथल्या सोसायटीची, नोटीस येईल, इति निमिष. ज्यांचं कोणी नाही त्यांच्याही नावे आज घास ठेवतात, हे लेकीला, अनिकाला समजावलं. सात वर्षांची आहे, सगळं स्वतः करायचं असतं तिला. म्हणून खिरीची वाटी तिलाच ठेवू दिली आणि डॉक्टर थॉर्लीचं नाव घ्यायला सांगितलं. तिने हात जोडून म्हटलं, "हाय डॉक्टर आजोबा, धिस इज फॉर यू." आम्ही पोट धरून हसलो.

२२ सप्टेंबर
मोकळी जागा भरलेली आहे. तीच तपकिरी शाई, तेच वळण. माझी प्रिय अनिका, असं लिहिलंय. मी पहिल्या आठवड्यात काढलेल्या फोटोत तिथे काहीच नाही. आमच्या संचालक मिसेस हॉलिस म्हणाल्या, फोटो नीट आला नसेल. घास देणारा तो वारस, ही आपल्याकडची रीत. त्याला कोणी सांगितली?

२३ सप्टेंबर
रुग्णांची वही वाचली. सहाही वारसांना आधी साधा ताप आला होता. सहाही जणांवर त्याने स्वतः उपचार केले, त्या काळच्या रीतीने शीर कापून, रोज, अगदी मायेने. "डाव्या हातातून आठ औंस रक्त काढले. उद्या पुन्हा." प्रत्येकाच्या शेवटच्या नोंदीतही तेच, उद्या पुन्हा.
शाळेतून फोन आला. अनिकाला ताप आहे.

२५ सप्टेंबर
ताप उतरत नाही. अर्जंट केअरमध्ये व्हायरल म्हणून घरी पाठवलं. तिच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला बारीक चीर आहे. विचारलं तर म्हणाली, आजोबा म्हणाले दुखणार नाही. निमिषला वाटतं खेळताना लागलं. मला खूप भीती वाटतेय.

२६
ओठ पांढरे. दुसरी चीर — मी शेजारीच होते, डोळ्याला डोळा लागला नव्हता —
पोरीने नुसती खीर दिली. मी पाणी दिलं, तीळ घालून, त्याची मुलगी म्हणून. आमच्या घरी बायकांनी करायचं नसतं ते. केलं. भर दुपारी, डेकवर. त्याला बाप म्हटलं. आता वारस मी.

२७
अनिका उठून बसली. वरणभात मागितला. रडले मी.
मला कणकण आहे — निमिषला सांगितलं नाही.

२९
खात्री करायला संग्रहालयात आले. तिचं नाव खोडलंय. तिथे आता माझं नाव. बरं झालं, सुटली पोर —
डावा हात बधिर. उजव्याने लिहितेय. बाही ओली आहे — बघत नाही —
माझ्या नावाखाली ओळ उमटतेय. आत्ता, समोर. शाई ओली.
"आणि तिच्या पश्चात तिची मुलगी —"
नाही. मग मला मरून चालणार नाही. मी मेले तर पुन्हा तीच — मला मरायचं ना