गडव्यावरचं नाव

१२ नोव्हेंबर

प्रेमिलाने आज डाळीत दोनदा मीठ टाकलं आणि एकदाही टाकलं नाही म्हणाली. बायकोशी मिठावरून काय भांडायचं. मुकाट जेवलो. मग ती दारात जाऊन उभी — "भोंगा झाला काय? डबा भरून राहिली मी." खापरखेड्याची पॉवर हाऊसची कॉलनी सोडून नऊ वर्षं झाली, इथे मनीषनगरात कुठला भोंगा! म्हटलं, आज सुट्टी आहे. ऐकलं तिने.

मला ओळखते अजून. माझं सगळं त्यावर चाललंय.

१५ नोव्हेंबर

रितिका आली होती. पोरीची पीएचडी नेमकी या विसरण्याच्या रोगावर. विषय आधी घेतला, आई नंतर आजारी पडली. मी खोदून खोदून विचारलं. मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन असतं. तांबं, जस्त, लोखंड यांचे आयन त्याला चिकटले की गुठळ्या होतात. मोबाइलवर दोन टेस्ट ट्यूब दाखवल्या. एक नितळ. दुसरीत जस्त टाकलेलं — गढूळ.

पॉवर हाऊसच्या लॅबमध्ये तीस वर्षं मी तरी दुसरं काय केलं? बॉयलरच्या पाण्यात तांबं किती, लोखंड किती. वाढलं की नळ्यांवर थर बसतो, म्हणून पहारा. घरात मात्र कधी पाहिलंच नाही. ती गढूळ ट्यूब डोळ्यांपुढून हलत नाही.

१६ नोव्हेंबर

सापडलं. तिचा पितळी गडवा! लग्नात तिच्या आईने नाव घालून दिलेला. त्रेचाळीस वर्षं त्यातूनच पाणी पिते. पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त — दोन्ही आरोपी एकाच भांड्यात.

१७ नोव्हेंबर

पाळत ठेवली. पाणी संपलं तरी गडवा सोडत नाही. मांडीवर घेऊन बोटाने घासत बसते, ओठ हलतात. धातू तिच्या कातडीतून आत उतरताना दिसतोय असं वाटलं.

१८ नोव्हेंबर

दुपारी ती झोपली तेव्हा गडवा पिशवीत घातला. इतवारीच्या बाजारात मोडीत दिला. बदल्यात स्टीलचे दोन ग्लास. परत येताना हलकं वाटलं.

१९ नोव्हेंबर

"माहा गडवा कोनं नेला?" दिवसभर हेच. कल्हईला दिला म्हणालो. खोटं.

२३ नोव्हेंबर

रितिकाला फोनवर सांगितलं, मोठा पराक्रम केल्यासारखं. ती म्हणाली, "बाबा, भांड्यानं हा रोग होते असं कोणी सिद्ध नाही केलं. हे धातू मेंदूत असतातच, त्यांच्याबिना मेंदू चालत नाही. त्यांचा तोल काहून बिघडते, तेच तर शोधून राहिलो आम्ही. आईचा गडवा काहून विकला तुम्ही?"

म्हणजे आरोपी घरात नव्हताच. आता मी पहारा कशावर देऊ?

२५ नोव्हेंबर

रक्ताचा नमुना घ्यायला लॅबची मोनाली आली. "मावशी, नाव सांगा." प्रेमिलाने स्टीलचा ग्लास उचलला. त्यावर बोट फिरवलं. गुळगुळीत. ग्लास उलटा केला, पुन्हा फिरवलं. डोळे भरून आले तिचे.

"इथं होतं," म्हणाली.

गडव्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलं होतं — प्रेमिला. ती धातू घासत नव्हती. रोज आपलं नाव वाचत होती. आणि मी, एवढा शिकलेला गाढव, ते मोडीत घालून आलो.

२६ नोव्हेंबर

सकाळीच इतवारी गाठली. दुकानदार म्हणाला, "काका, थो माल तं भट्टीत गेला." मी तिथल्या पायरीवरच बसलो थोडा वेळ.

भांड्यांवर नाव घालणारा त्याच ओळीत बसतो. एका ग्लासवर घालून घेतलं. म्हटलं, खोल घाल गा, बोटाले लागलं पाहिजे. दुसरा तसाच कोरा आणला.

२७ नोव्हेंबर

वाचलं तिने. एकेक अक्षर, बोटाने. "प्रेमिला. हे मी हाय." किती दिवसांनी हसली.

मग कोरा ग्लास उचलून माझ्यापुढे धरला.

"अन् भाऊ, तुमचं नाव कशावर लिहून हाय?"