सीट कुणाच्या मापाची

अहो,

मी बचतगटाच्या मीटिंगला ओझरला चाललेय, सहाच्या आत येईन. भाकरी टोपल्यात आहेत, पिठलं गरम करून घ्या. आईंना बीपीची गोळी समोर उभं राहून द्या. त्या घेतली म्हणतात, पण घेतलेली नसते.

सकाळी पोरीच्या सायकलचं पंक्चर काढायला खोडदच्या सायकल वर्कशॉपला गेले व्हते. तुमी दर रविवारी तिथं माझ्यासाठी बांधताय ती लेडीज सायकल दिसली. पुरी झाल्याशिवाय बघायला येऊ नको म्हणाला व्हता, पण आता बघितली. रंग लई छान दिलाय. बसून बघितलं, तर माझे पाय पेडलपर्यंत पोचेनात.

वर्कशॉप बघणाऱ्या दादाभाऊंना विचारलं. ते म्हणाले, "आमी सीट अंदाजानं बसवत नाय. चालवणाऱ्याला सायकलीशेजारी उभं करतो, कमरेइतकी आणतो आणि मगच आवळतो." मी तर तिथं कधी उभी राहिले नाय, आणि ही सीट माझ्या बरगडीला लागते. मग शेजारी कोण उभं राहिलं व्हतं, असं विचारल्यावर दादाभाऊ पंप शोधायला गेले, ते आलेच नाय.

आपल्या ओळखीत एवढी उंच बाई एकच आहे. नाव लिहीत नाय, चिठ्ठी आईंच्या हाती लागायची.

पाना घेऊन सीट मी माझ्या कमरेला आणलीय आणि घट्ट आवळलीय. येत्या रविवारी मी तुमच्याबरोबर येणार आहे. तेव्हा ती परत वर गेलेली दिसली, तर मी तुमाला काहीच विचारणार नाय.

ज्योत्स्ना