समासात आडवे केलेले अर्थशास्त्रज्ञ

४ जून
प्राध्यापक बाईंच्या पुस्तकाची प्रुफं आली. अर्थशास्त्रातले सगळे संप्रदाय, तीनशे पानं. मालक म्हणाले, फक्त शुद्धलेखन बघा. बावीस वर्षं याच छापखान्यात प्रुफं तपासणाऱ्या माणसाला हे सांगायचं! संकल्प: या वेळी विचारही तपासायचे.

७ जून
व्यापारवादी. म्हणे, देशात सोनं साठलं की देश श्रीमंत. समासात पेन्सिलीने लिहिलं, 'गाढवं आहेत.' त्यांच्यानंतरचे म्हणतात, संपत्ती फक्त जमिनीतून उगवते, बाकीचे धंदे वांझोटे. म्हणजे आम्ही बावीस वर्षं माशा मारतोय? लिहिलं.

११ जून, दुपारी
अभिजात संप्रदाय. प्रत्येकाने आपापला स्वार्थ बघितला की सगळ्यांचं भलं होतं! यांनी आमचे मालक पाहिलेले नाहीत. तसंच लिहिलं. हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, समास दुरुस्त्यांसाठी असतो ना? हिला विनोद कळत नाही. शेरे नंतर खोडणारच आहे.

१८ जून
समाजवादी, ऐतिहासिक, सीमांतवादी. एका दिवसात तिघे आडवे. दोन पानांत माणसाची लायकी कळते, पुढचं कशाला? खोडायचं राहिलं, मालकांनी गठ्ठा घाईने दुरुस्त्या टाइप करणाऱ्या ऑपरेटरकडे नेला. त्याला तेवढी अक्कल असेल.

९ जुलै
नाही. समासात दिसेल ते मजकुरात घालायचं, एवढंच त्याला ठाऊक. पाचशे प्रती छापून, बांधून तयार. पान एकोणीस: व्यापारवादी गाढवं आहेत. पान चव्वेचाळीस: आमचे मालक. मालकांनी ते मोठ्याने वाचलं. दोनदा.

११ जुलै
शेऱ्यांवर कोऱ्या पट्ट्या चिकटवतोय. प्रत्येक प्रतीत सात. ही शिक्षा नव्हे. इतकं नाजूक काम दुसऱ्या कुणाला जमणार? उद्या बाई येणार आहेत. वादात त्यांना गप्प करायचं ठरवलंय.

१२ जुलै
बाई आल्या. भांडतील म्हणून तयारीत होतो, तर चष्मा पुसून माझ्या शेजारी पट्ट्या लावायलाच बसल्या. पंधरा वर्षं लिहीत होत्या म्हणे. तासाभराने म्हणाल्या, "शेरे काही अगदीच वाईट नाहीत हो. पण इतक्या जणांतला एकही तुम्हाला पटला नाही?"
उत्तर पाठ होतं. तोंडातून भलतंच निघालं.
"वाचलं कुठं, बाई? नुसतं तपासलं."
त्यांनी पुढची प्रत ओढून घेतली.